पलीकडचा ठिपका

६ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचण्यासाठी नाही. तरी अक्षर नीट काढतोय, पुढे काय होईल सांगता येत नाही.

शेवटचं वर्ष. म्हणजे तेच, मागच्या दोन वेळचं. एप्रिलमध्ये ज्युरी, म्हणजे बाहेरचे परीक्षक चित्रं बघून पास-नापास ठरवणार. या वेळी नापास झालो तर कॉलेज नाव काढून टाकणार. मग बाबांनी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये शब्द टाकून ठेवलाय, तिथे चिकटायचं. गाड्यांवर नंबर रंगवायचे. पत्रा, स्टेन्सिल, पिवळा रंग. बाबा तिथेच टाइमकीपर आहेत. त्यांना वाटतं, रंगाचंच काम आहे, पोराला आवडेल.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. रोज वीस स्केचेस. मोबाइल फक्त संध्याकाळी.

७ जानेवारी, साडेनऊ
उठलो. पहाटेची रेघ झोपाळू येते, त्यामुळे पाच रद्द. स्केचेस उद्यापासून, कागद आणायचाय.

१० जानेवारी
सरांना भेटलो. कॅनव्हास बघून ते म्हणाले, हाताची बोटं काढायला शीक, मग पुढचं बघू. मी म्हटलं, सर, कॅनव्हास मेलाय. ते म्हणाले, तुझा मेलाय, बाकीच्यांचे बरे आहेत.

निर्णय झाला. या वेळी इंटरॲक्टिव. डिजिटल. नेटवर्कवरची कला. बघणाऱ्यानेच चित्र पुरं करायचं. बोटंही त्याचीच.

११ ते २२ जानेवारी
रिसर्च. इन्स्पिरेशन गोळा करतोय. एका साइटवर काळ्या पाण्यात मासे आहेत, आपण श्वास रोखला की तेही थांबतात (माझा माइक बिघडलाय, पण कल्पना पोचली). एकीवर आपण घंटा वाजवली की कुठल्याशा देशात एका गच्चीवर खरी घंटा वाजते. मी बरीच वाजवली. एकीवर अनोळखी माणसांनी आपापल्या खिडकीचा फोटो टाकायचा. मी आमच्या मोरीच्या खिडकीचा टाकला, बादलीसकट. अजून कुणी काही लिहिलेलं नाही. लोक विचारात पडले असावेत.

आई म्हणाली, दिवसभर त्या डबड्यासमोर बसून काय दिवे लावतोयस. तिला सांगितलं, जगभर असंच चालतं. ती म्हणाली, जगभरातल्या आया काय म्हणतात?

२७ जानेवारी
बाबा माझ्याशी बोलत नाहीत. भांडण वगैरे नाही. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हापासून ते आईमार्फत बोलतात. मी समोर असलो तरी. त्याला सांग, आंघोळीचं पाणी गेलंय. मीही म्हणतो, त्यांना सांग, कळलं. आई मध्ये बसून भाजी निवडते आणि दोन्हीकडचं पोचवते. कधीकधी पोचवतही नाही, म्हणते ऐकलंस ना, झालं तर.

घरातलं वातावरण सर्जनशीलतेला पोषक नाही.

३ फेब्रुवारी
सुचलं!

एक काळं पान. जो येईल त्याचा एक पांढरा ठिपका. बोट फिरवलं की रेघ. पानावर एकटेच असाल तर रेघ हळूहळू विझून जाते. दुसरं कुणी आलं, कुठूनही, जगाच्या पाठीवरून, तर दोघांच्या रेघा टिकतात. नाव नाही, गाव नाही, बोलणं नाही. एवढंच.

वर्गातल्या स्केलला सांगितलं. (तिला सगळे स्केल म्हणतात. सरळ बोलते, आणि लागतं.) ती म्हणाली, चांगलं आहे. मग म्हणाली, पण दुसरं कुणी आलंच नाही तर? मत्सर माणसाला कुठे नेतो बघा.

१२ फेब्रुवारी
पान तयार. एका व्हिडिओवरून शिकलो. घरच्या कॉम्प्युटरवरच ठेवलंय. पत्ता सगळा आकडे आणि टिंबांचा. लोक साइटला गोंडस नावं देतात, मला तो बाजारूपणा वाटतो. आकडेच ठेवले, जास्त कॉन्सेप्च्युअल. व्हिडिओचा शेवटचा भाग ‘आता हे जगासमोर ठेवू या’ असा होता. तो पाहिला नाही. तोवर माझ्या मोबाइलवर उघडलंच होतं. जगासमोर कसं यायचं हे मला कुणी शिकवू नये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
लोकार्पण. लिंक पाठवली. वर्गाच्या ग्रुपवर, सरांना, परदेशातल्या डिजिटल कलावंतांच्या एका ग्रुपवर, ताईला. सगळे ग्रुप एकदम निवडताना घरचाही निवडला गेला, असो. सोबत लिहिलं : “इथे जगभरातले अनोळखी लोक एकत्र रेघ ओढतील. ही कलाकृती तुमच्याशिवाय अपूर्ण आहे. रोज या.”

संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसलो. माझा ठिपका एकटाच. रेघ ओढायची, विझायची. ओढायची, विझायची.

आणि मग, दिवेलागणीला, दुसरा ठिपका आला!

कोपऱ्यात उभा राहिला. हलेचना. मी एक लांब रेघ ओढली. विझली नाही! टिकली! मग तोही हलला. अगदी थोडा. डावीकडे.

आईला सांगायला बाहेर पळालो. आई ओट्याशी होती, बाबा पुढच्या खोलीत मोबाइल पालथा घालून बसले होते. आई म्हणाली, बरं, जेवायला बस. परत आलो तर ठिपका गेलेला.

१५ फेब्रुवारी
सासरहून ताईचा फोन, लिंक उघडत नाही म्हणाली. तिचा मोबाइल जुना आहे. सर म्हणाले, उघडत नाही. सर जुने आहेत. वर्गातल्या ग्रुपवर एकानेही काही लिहिलं नाही. परदेशी ग्रुपवर एकाने नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. खूप खोल प्रतिक्रिया.

मी कॉलेजात उघडून पाहिलं, तिथेही नाही. कॉलेजचं वायफाय नव्या कलेला घाबरतं.

पण तो येतो. काल सकाळी आला, आज सकाळी आला. अकराच्या सुमारास. मला एक पुरे. लाखो लोकांनी बघावं असं माझं काम नाहीच.

१९ फेब्रुवारी
वेळ बदलली. या आठवड्यात तो सकाळी येत नाही, दुपारी चारनंतर येतो. मला वाटतं, प्रवासाला निघालाय. टाइम झोन ओलांडला. नकाशा काढून बसलो. बहुतेक समुद्रापलीकडे, उत्तरेला. नाव ठेवलंय ‘उत्तरेकडचा’.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज सकाळीही आला आणि संध्याकाळीही! मागच्या गुरुवारीही संध्याकाळी तोच. गुरुवारी त्याच्याकडे सुट्टी असणार. गुरुवारची सुट्टी कुठल्या देशात असते ते शोधण्यात दिवस गेला. सापडला नाही. छोटा देश असावा.

२४ फेब्रुवारी
पुन्हा सकाळी अकरा. परतला.

त्यामुळे कॉलेजला जाणं जमणार नाही. सरांना कळवलं, मी फील्डवर्क करतोय.

२ मार्च
त्याची रेघ. आधी भित्री होती. कोपऱ्याकोपऱ्याने जायची. आता मधोमध येतो. मी एक वळण घेतलं तर तो थांबून बघतो, मग माझ्या बाजूबाजूने येतो. कधी चुकून माझ्या रेघेवर आला तर पटकन मागे सरतो, धक्का लागल्यावर सॉरी म्हणावं तसा. शिकलेला हात नाही. पण काय सच्चा आहे! मी हळू काढतो, त्याला पोचता यावं म्हणून. इतकं हळू मी कधीच काढलं नव्हतं.

५ मार्च
आईने जेवायला हाक मारली आणि त्याच क्षणी पलीकडचा ठिपका गेला. तिकडेही जेवायची वेळ तीच. याला काय म्हणायचं? मला तर आता योगायोग वाटत नाही.

७ मार्च
लाइट गेली. आल्यावर बसलो तर तोही लगेच हजर. वाट बघत होता! आयुष्यात माझी वाट बघणारं कुणी असेल असं वाटलं नव्हतं. बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं. बाबा खुर्चीत चष्मा कपाळावर चढवून मोबाइल डोळ्यांशी धरून बसले होते. मला बघताच मोबाइल उशीखाली सारला. या वयात ते काय बघतात कुणास ठाऊक. आपण विचारू नये.

१३ मार्च
सरांनी बोलावलं. ते म्हणाले, ज्युरीला दहा-बारा ड्रॉइंगं तरी बाजूला ठेव, मशीनचा भरवसा नसतो. मी म्हटलं, माझा भरवसा मशीनवर नाही, माणसावर आहे. सर म्हणाले, कुठला माणूस? मी फक्त हसलो.

स्केल म्हणाली, एकदा घराबाहेरून नीट तपासून घे. मी म्हटलं, बघू. कुणीतरी तिला सांगायला हवं की प्रत्येक गोष्टीला पट्टी लावून चालत नाही.

२२ मार्च
कॉन्सेप्ट नोट लिहिली. शीर्षक : ‘दूर’. पहिलं वाक्य : ‘ज्यांच्याशी आपण एका छताखाली राहतो त्यांच्यापर्यंत पोचणं अशक्य झालेल्या काळात, हजारो मैलांवरचा एक हात माझ्या रेघेला उत्तर देतो.’ वाचून मलाच भरून आलं. ग्रुपवर टाकली, सगळ्या. स्केलने उत्तरादाखल अंगठासुद्धा दिला नाही.

बाबा आईला म्हणाले, त्याला विचार, ज्युरी किती तारखेला. आई म्हणाली, तो इथेच बसलाय. बाबा म्हणाले, तरी विचार. मी आईला सांगितलं, चार तारखेला.

३ एप्रिल
उद्या. ठरवलंय : कॉलेजच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर पान उघडायचं. बरोबर अकरा वाजता बाहेरच्या परीक्षकांना बोलावायचं. या आठवड्यात त्याची वेळ अकराचीच आहे. तो येईल. पडद्यावर दोन ठिपके. मी काहीच बोलणार नाही.

ड्रॉइंगं नेत नाहीये. ड्रॉइंगं ठेवली तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल.

आईला बजावलंय, उद्या कॉम्प्युटर बंद करायचा नाही, धूळ पुसायची नाही, त्या खोलीत फिरकायचंच नाही. ती म्हणाली, देवासारखं झालंय तुझं.

४ एप्रिल, संध्याकाळी
लिहावंसं वाटत नाही.

पत्ता टाकला. पान उघडलंच नाही. पांढऱ्या पडद्यावर एक ओळ, की ही साइट सापडत नाही. पुन्हा टाकला. पुन्हा तीच ओळ. कॉलेजचं वायफाय सोडून स्केलच्या मोबाइलवरून प्रयत्न केला. तेच. परीक्षक बाई उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

मी म्हटलं, अनुपस्थिती हाच माझ्या कामाचा विषय आहे. त्यांनी नोट वाचली, त्यात हात होता, हजारो मैलांवरचा. त्या म्हणाल्या, आणखी काही आहे का दाखवायला? सर जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, नाही.

नंतर स्केलने जिन्यात बसवून समजावलं. हे आकडे आमच्या घरच्या वायफायचे आतले आकडे आहेत. घराबाहेर त्यांना काही अर्थ नाही. घरातल्या यंत्रांनाच ते पान दिसतं. ती म्हणाली, तू आतल्या खोलीतून हाक मारत होतास आणि तुला वाटत होतं परदेशात ऐकू जातेय. व्हिडिओच्या शेवटच्या भागात हेच सांगितलंय, म्हणाली. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मग तो कोण? ती म्हणाली, कोण तो?

५ एप्रिल
विचार केला. वायफाय भिंतीपलीकडे जातं. वरच्या मजल्यावर नर्स राहते, तिला पाळ्या असतात. तिने पासवर्ड मिळवला असणार आणि मला शोधत पानापर्यंत आली असणार. म्हणून वेळा बदलतात! बुद्धी शाबूत आहे अजून. म्हणजे ती. एवढे दिवस मी उगाच ‘तो’ म्हणत होतो.

शर्ट बदलून वर गेलो. सांगितलं की ठिपका तुमचा असेल तर संकोच नको. तिने दार लावून घेतलं.

७ एप्रिल
निकाल लागला. नाव काढलं. सर म्हणाले, मला वाईट वाटतं. त्यांना खरंच वाटत होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, आणि ते बिचारे त्या दिवशी रजा टाकून बसले होते. मी म्हटलं, कोण? म्हणाली, कोण म्हणजे? तुझे बाबा. तूच नव्हतं का लिहिलंस ग्रुपवर, रोज या, तुमच्याशिवाय अपूर्ण आहे म्हणून? रोज म्हटल्यावर ते रोज येतात. डेपोतल्या पाळीच्या आधी नाहीतर नंतर. चार तारखेला सकाळपासून बोट टेकवून बसले होते, म्हणे आज पोराची परीक्षा आहे, आज चुकून चालायचं नाही. पण पलीकडचा तो फॉरेनर काही आलाच नाही दिवसभर. यांची आपली रेघ विझायची, पुन्हा ओढायचे. चहासुद्धा एका हाताने प्यायले.

मी विचारलं, कुठला फॉरेनर?

आई म्हणाली, मला काय माहीत बाई. यांच्याबरोबर रोज असतो तो.

मी आत जाऊन कॉम्प्युटर बंद केला. आतल्या खोलीची भिंत, तिच्या पलीकडे बाबांची खुर्ची. भिंतीची जाडी वीतभर असेल.

१० एप्रिल, गुरुवार, दुपारी
बाबांची सुट्टी. ते आतल्या खोलीत आले. ही खोली घरात असूनही ते कधी येत नाहीत. दाराशी उभे राहिले, आई घरात नव्हती. आणि माझ्याशी बोलले. थेट.

निकालाचं काही नाही. म्हणाले, ते पान तीन दिवस बंद आहे. मी म्हटलं, हो. म्हणाले, तो पलीकडचा येऊन जात असेल रे. त्याला वाटेल आपलं काही बरंवाईट झालं. चालू करता येईल का?

मी सांगणारच होतो. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ते कॉटच्या कडेवर बसले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात फोटो होते, त्या पानाचे, रोजचे. एकही दिवस सोडलेला नाही. चष्मा लावून एकेक दाखवायला लागले. ही बघ माझी रेघ, ही वाकडी. आणि ही त्याची. कसा वळतो बघ. माझं चुकलं तर तो थांबतो, पुढे पळत नाही. घाई म्हणून नाही त्याला. हात बघ किती मोकळा आहे. डेपोत सगळ्यांना दाखवलं, म्हणाले. मला यातलं काही कळत नाही, पण हा कसलेला माणूस आहे, एवढं कळतं.

माझ्या चित्राला बाबा आजवर चांगलं म्हणाले नव्हते. शाळेत असतानासुद्धा नाही. मी पानाकडे बघत बसलो. सांगितलं असतं तर त्यांचा माणूस गेला असता. आणि सांगून हे कौतुक माझं झालंच असतं याची काय खात्री? माझं म्हटल्यावर त्यांनी पुन्हा एकदा चष्मा लावून बघितलं असतं.

सोमवारपासून मी वर्कशॉपमध्ये, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हणून म्हटलं, आज चालू करतो. पण पुढच्या आठवड्यापासून तो येईलच असं नाही. तिकडे बहुतेक लांब सुट्ट्या लागतात.

बाबांचा चेहरा उतरला. म्हणाले, असं होय. जरा वेळ फोटोच बघत राहिले. मग उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, राग मानू नकोस, पण तो आहे तोवर त्याच्याकडून काहीतरी शिकून घे.

मी म्हटलं, हो.